घरच्या कोंबड्यांसाठी तयार खाद्य निवडताना

इंदूरच्या राजेंद्रनगरात राहणाऱ्या एका गृहिणींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरामागच्या अंगणात तपकिरी अंडी देणाऱ्या चार कोंबड्या, दोन कडकनाथ माद्या, एक कडकनाथ कोंबडा आणि पाच आठवड्यांची सहा पिल्ले आहेत. दुकानदाराने ‘सगळ्यात ताकदीचा दाणा’ म्हणून ब्रॉयलरचे खाद्य दिले आणि काही आठवडे सगळ्यांना तेच चालू आहे. आता अंड्यांची कवचे पातळ झाली आहेत, एखादे अंडे तर नुसत्या पापुद्र्यात पडते. त्याआधी एका लहान गिरणीवरून सुटे मिश्रण आणले होते, तेव्हा तपकिरी अंड्यांना मासळीसारखा वास येऊ लागला म्हणून ते बंद केले. तर कोणत्या कंपनीचे खाद्य घ्यावे?

कंपनीचा विचार मी सर्वांत शेवटी करतो, आणि आपणही तसाच करावा असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पक्ष्याचे वय काय, तो अंडी देतो की नाही, पोत्याच्या तोंडाला शिवलेल्या चिठ्ठीवर काय छापले आहे, आणि ते पोते आपल्या घरी किती दिवसांत संपेल, या गोष्टी ठरल्या की कंपनीचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो. चांगल्या कंपनीचे पण चुकीच्या वयाचे, किंवा योग्य वयाचे पण तीन महिने पडून राहिलेले खाद्य घेतले, तर नावाचा काही उपयोग होत नाही.

पातळ कवचाचे कारण आपल्या वर्णनातच आहे. अंड्याच्या कवचात साधारण २ ग्रॅमांहून थोडे अधिक कॅल्शियम असते, आणि खाद्यातल्या कॅल्शियमपैकी निम्म्याच्या आसपासच शरीरात शोषले जाते. म्हणून नियमित अंडी देणाऱ्या कोंबडीला रोज ४ ग्रॅमांच्या जवळपास कॅल्शियम मिळावे लागते. ब्रॉयलरच्या खाद्यात कॅल्शियम १ टक्क्याच्या आसपास असते. कोंबडीने दिवसाला ११० ग्रॅम खाद्य खाल्ले तर तिच्या पोटात जेमतेम १.१ ग्रॅम कॅल्शियम जाते. उरलेली गरज ती स्वतःच्या हाडांतून भागवते, आणि तो साठा सरत आला की आधी कवच पातळ होते, मग कवचाविना अंडी पडू लागतात, आणि तरीही खाद्य बदलले नाही तर कोंबडी पायांतून बसते. ब्रॉयलरचे खाद्य निकृष्ट नसते. सहा आठवड्यांत विक्रीचे वजन गाठणाऱ्या पक्ष्यासाठी ते बनवलेले असते, म्हणून त्यात ऊर्जा आणि प्रथिने भरपूर असतात. तीच जास्तीची ऊर्जा अंगणातल्या कोंबडीच्या पोटात आणि यकृतावर चरबी होऊन साठते. ‘ताकदीचा दाणा’ हा शब्द दुकानात सर्रास ऐकू येतो, पण ताकद कशासाठी हवी आहे हे ठरल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

भारतीय मानक ब्यूरोचे कोंबडीखाद्याचे मानक आयएस १३७४ या क्रमांकाचे आहे. अंड्यांच्या जातींसाठी त्यात चार टप्पे धरलेले आहेत. पहिल्या ८ आठवड्यांपर्यंतच्या पिल्लांच्या खाद्यात किमान २० टक्के प्रथिने, त्यानंतर अंड्यावर येईपर्यंतच्या वाढत्या तलंगांच्या खाद्यात, म्हणजे ग्रोअरमध्ये, १६ टक्के, अंडी देण्याच्या पहिल्या काळात १८ टक्के आणि वय उतरू लागल्यावर पुन्हा १६ टक्के. कॅल्शियम पिल्लांना आणि तलंगांना १ टक्का, अंड्यांच्या पहिल्या काळात ३ टक्के आणि नंतर साडेतीन टक्के. ओलावा कोणत्याही खाद्यात ११ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. बाजारातल्या बऱ्याच पोत्यांवर मानकाचे चिन्ह नसते, परंतु चिठ्ठीवर टक्केवारी छापलेली असते. ती या आकड्यांशी ताडून पाहता येते, आणि ज्या पोत्यावर टक्केवारीच छापलेली नाही ते घेऊ नये.

या टप्प्यांत सर्वांत जपण्यासारखी गोष्ट म्हणजे लेयरचे, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे, खाद्य पिल्लांना कधीही घालू नये. अंडी न देणाऱ्या कोवळ्या पक्ष्याला ३ टक्के कॅल्शियम पचवता येत नाही. जास्तीचे कॅल्शियम मूत्रपिंडांवर ताण आणते, युरिक आम्ल साठत जाते, आणि हृदय-यकृतावर खडूसारखा पांढरा थर चढून पक्षी मरतो. असे पक्षी मी शवविच्छेदनात पुष्कळ पाहिले आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी मालकाने ‘मोठ्यांचेच खातात, वेगळे कशाला’ असे सांगितलेले असते. आपल्या पिल्लांना ब्रॉयलरचे खाद्य मिळाले यात सुदैवाने नुकसान झालेले नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत प्री-स्टार्टर, म्हणजे ब्रॉयलरच्या अगदी कोवळ्या पिल्लांचे खाद्य, देणे तर चांगलेच असते, कारण त्याचे दाणे बारीक असतात आणि प्रथिने २३ टक्क्यांच्या आसपास असतात. पण आता त्यांना ८ आठवडे पूर्ण होईपर्यंत २० टक्के प्रथिनांचे चिक-खाद्य आणि पुढे ग्रोअर द्यावे. अंगणात जाळीचा एक कोपरा करून त्यांचे खाणे वेगळे ठेवावे, म्हणजे ती मोठ्यांच्या भांड्याकडे जाणार नाहीत.

मोठ्या सात पक्ष्यांचा निर्णय थोडा विचार करून घ्यावा लागतो. चार तपकिरी कोंबड्या व्यापारी संकरित जातीच्या दिसतात. अशा कोंबड्या चांगल्या व्यवस्थेत वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देतात. कडकनाथ हा झाबुआचा पक्षी, ज्याच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याची मादी वर्षाकाठी शंभराच्या आसपास अंडी देते आणि खुडूक झाली की आठवडेच्या आठवडे अंडी देत नाही. दोघींची कॅल्शियमची गरज एक नाही, आणि कोंबड्याची तर या दोघींहून फारच कमी. लेयरचे पोते सर्वांना घातले तर कडकनाथांना गरजेपेक्षा जास्त कॅल्शियम जाईल. प्रौढ पक्षी ते बरेचसे सहन करतात, तरी वर्षानुवर्षे तसे करणे मला पसंत नाही. दुसरा मार्ग असा की सर्वांना ग्रोअर द्यावे आणि शिंपल्यांचा जाड चुरा वेगळ्या मातीच्या भांड्यात ठेवावा. जिला कवच बनवायचे असते ती कोंबडी कॅल्शियमची भूक ओळखून शिंपले टिपते, कोंबडा त्याकडे फारसा वळत नाही. मिश्र कळपासाठी ही पद्धत मला सर्वांत योग्य वाटते, आणि आठ आठवड्यांनंतर आपली पिल्लेही याच खाद्यावर येऊ शकत असल्याने घरात एकच पोते पुरते.

मात्र या पद्धतीला एक मर्यादा आहे आणि ती इंदूरच्या उन्हाळ्यात ठळकपणे जाणवते. अंडी देणाऱ्या कोंबडीला रोज साधारण १७ ग्रॅम प्रथिने लागतात. थंडीत ती ११० ग्रॅम खाते तेव्हा १६ टक्क्यांच्या खाद्यातून तिला १७.६ ग्रॅम मिळतात आणि हिशेब जुळतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर गेला की ती ९० ग्रॅमसुद्धा मुश्किलीने खाते. मग त्याच खाद्यातून १४.४ ग्रॅमच मिळतात, अंडी लहान होतात, मग कमी होतात. कोंबडी ऊर्जेची गरज भागली की खाणे थांबवते, आणि उन्हात ती गरज कमी असते. प्रथिने मात्र अंड्याला तितकीच लागतात. म्हणून होळीनंतर पाऊस पडेपर्यंत मोठ्या पक्ष्यांना १८ टक्के प्रथिनांचे लेयर खाद्य द्यावे आणि पाऊस सुरू झाल्यावर पुन्हा ग्रोअर व शिंपल्यांवर यावे असे मी सुचवीन. काही महिन्यांपुरते लेयरचे कॅल्शियम प्रौढ कडकनाथांना बाधत नाही. तोवर आपली पिल्ले अंड्यावर आली नसतील, तर त्यांचे ग्रोअर जाळीआडच चालू ठेवावे. उन्हाळ्यात खाद्य पहाटे आणि ऊन उतरल्यावर घालावे. पाणी सावलीत ठेवावे आणि दिवसातून दोन-तीन वेळा बदलावे, कारण एरवी खाद्याच्या दुप्पट लागणारे पाणी या दिवसांत चौपटीपर्यंत जाऊ शकते आणि पाणी कमी पडले की खाणे लगेच कमी होते.

शिंपल्यांचा चुरा संध्याकाळी भरून ठेवावा. कवच तयार व्हायला साधारण वीस तास लागतात आणि त्यातला मोठा भाग रात्री, कोंबडी काही खात नसताना तयार होतो. जाड तुकडे पेषणीत, म्हणजे दाणे दळणाऱ्या जठरात, अडकून राहतात आणि रात्रभर हळूहळू विरघळून कॅल्शियम पुरवत राहतात. पीठ केलेली चुनखडी पटकन पुढे निघून जाते. दुकानात याला शेल ग्रिट म्हणतात. स्टोन ग्रिट ही वेगळी वस्तू आहे: ती विरघळत नाही, ती दाणे दळण्यासाठी लागते. आपल्या कोंबड्या मातीच्या अंगणात फिरतात, त्यामुळे खडे त्या स्वतः टिपतात. गच्चीवर किंवा फरशीवर कोंबड्या पाळणाऱ्यांनी मात्र अख्खे धान्य घालायचे असेल तर बारीक खडी ठेवावी.

आता चिठ्ठीकडे येतो, कारण खरी निवड तिथेच होते. सर्वप्रथम उत्पादनाची तारीख पाहावी. खाद्यात मिसळलेली जीवनसत्त्वे उष्णतेने आणि हवेने कमी होत जातात, तेलाचा अंश खवट होतो. थंडीत दोन महिन्यांपर्यंतचे आणि पावसाळ्यात एका महिन्याच्या आतले खाद्य वापरून संपावे, असा नियम मी पाळतो आणि सांगतो. त्यानंतर ‘क्रूड प्रोटीन’ पाहावे, पण त्यावर थांबू नये. हा आकडा नायट्रोजन मोजून काढलेला असतो; न पचणाऱ्या कातड्याच्या चुऱ्याने किंवा युरियाच्या भेसळीनेही तो वाढलेला दिसतो. कोंबडीला हवी असतात ती प्रथिनांतली अमिनो आम्ले, विशेषतः मका-सोयाबीनच्या खाद्यात सर्वांत आधी कमी पडणारे मेथिओनिन आणि त्याच्या जोडीला लायसिन. ज्या चिठ्ठीवर ही दोन्ही स्वतंत्र छापलेली असतात तो उत्पादक निदान हिशेब मांडून खाद्य बनवतो असे समजावे. मेथिओनिन कमी पडले की पिसे नीट भरत नाहीत आणि पक्षी एकमेकांची पिसे टोचू लागतात. अशा वेळी लोक कोंबड्यांना जागा कमी पडते म्हणतात. ते कारणही असते, पण खाद्य पाहायचे राहून जाते.

तंतू म्हणजे क्रूड फायबर जितके जास्त तितका कोंडा-टरफल जास्त. वाळूमिश्रित खाद्य ओळखण्यासाठी एक सोपी परीक्षा घरी करता येते. काचेच्या उंच पेल्यात पाणी घेऊन मूठभर मॅश, म्हणजे भरडलेले सुटे खाद्य, टाकावे, ढवळावे आणि दहा मिनिटे थांबावे. टरफल वर तरंगते, जड भाग तळाशी बसतो. लेयरच्या खाद्यात चुनखडी असल्याने तळाशी थर दिसणे स्वाभाविक आहे. तो थर वेगळा काढून त्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकावे. फेस येऊन जो विरघळत जातो तो चुना, आणि जे तसेच करकरत राहते ती वाळू. ग्रोअरच्या खाद्यात तळाशी जाड थर बसला तर ते पोते दुकानदाराला परत करावे.

औषधमिश्रित खाद्याबद्दल विचारण्यास संकोच करू नये. ब्रॉयलरच्या आणि पिल्लांच्या बऱ्याच खाद्यांत कॉक्सिडिओसिस, म्हणजे रक्ती हगवण होऊ नये म्हणून औषध असते: सॅलिनोमायसिन, मॅडुरामायसिन, निकार्बाझिन, अँप्रोलियम यांपैकी काहीतरी. पिल्लांना त्याचा उपयोग होतो, जमीन ओली असेल तर विशेषच. पण अंडी देणाऱ्या कोंबडीला असे खाद्य देऊ नये, कारण औषधाचा अंश अंड्यात उतरू शकतो. निकार्बाझिनमुळे तर तपकिरी कवचाचा रंग फिका पडतो आणि उबवणीची अंडी फुकट जातात. आपल्या कोंबड्यांची अंडी फिकी झाली असतील तर हेही एक कारण असू शकते. ब्रॉयलरचे खाद्य बंद केल्यावर काही दिवसांत रंग परत येतो. दुसरी दक्षता अशी की पिल्लांना खाद्यातून सॅलिनोमायसिन जात असेल आणि कोणी श्वसनाच्या आजारासाठी टियाम्युलिन हे औषध दिले, तर दोहोंच्या संयोगाने विषबाधा होते. कोलिस्टिन हे प्रतिजैविक केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये खाद्यप्राण्यांसाठी आणि त्यांच्या खाद्यपूरकांसाठी बंद केले आहे. घरच्या मुलांना खाऊ घालायची अंडी आहेत. वाढीसाठी प्रतिजैविके मिसळलेली नाहीत ना, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावे आणि उत्तर टाळले गेले तर दुसरे दुकान पाहावे.

मासळीच्या वासाचे कारण बहुधा त्या सुट्या मिश्रणातली मोहरीची पेंड असावी. तपकिरी अंडी देणाऱ्या काही कोंबड्यांत एक आनुवंशिक उणीव असते: ट्रायमिथिलअमाईन नावाचे वासाचे द्रव्य त्यांच्या शरीरात मोडले जात नाही आणि ते बलकात उतरते. मोहरीच्या पेंडीतल्या सिनॅपिनपासून आतड्यात हेच द्रव्य तयार होते, आणि मासळीच्या भुकटीतूनही ते येते. पांढऱ्या अंड्यांच्या कोंबड्यांना तीच पेंड घातली तर वास येत नाही, म्हणून गिरणीवाला शपथेवर सांगतो की त्याच्या मालात दोष नाही आणि त्याच्या परीने तो खरेही बोलत असतो. आपल्या प्रांतात ग्वाल्हेर-मुरैनाकडे मोहरी पिकते, पेंड स्वस्त मिळते आणि लहान गिरण्या ती मिश्रणात घालतात. तपकिरी कोंबड्या असतील तोवर मोहरीची पेंड आणि मासळीची भुकटी नसलेले खाद्य निवडावे. सोयाबीनची पेंड आणि कारखान्यात बनवलेले मेथिओनिन एवढ्यावर प्रथिनांचा हिशेब पूर्ण होतो.

सोयाबीनचा उल्लेख आला म्हणून माळव्यापुरती एक गोष्ट सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते. इथे सोयाबीन घरोघरी आहे, त्याची राष्ट्रीय संशोधन संस्था इंदूरलाच आहे, आणि छावनीच्या मंडीतून फुटका माल स्वस्त मिळतो. त्यामुळे ‘प्रथिने हवीत ना, मग सोयाबीनच भरडून घालू’ असा विचार सहज मनात येतो. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन इनहिबिटर असतात, जे प्रथिने पचवणाऱ्या रसाला अडवतात. पक्षी खातो भरपूर, पण खाल्लेली प्रथिने पचत नाहीत. पिल्लांची वाढ खुंटते आणि स्वादुपिंड सुजते. तेल कारखान्यातून निघणारी पेंड, जिला व्यापारी डीओसी म्हणतात, ती वाफेवर भाजलेली असल्याने हा दोष त्यात राहत नाही. संस्थेने या इनहिबिटरांपैकी कुनिट्झ नावाचा प्रमुख इनहिबिटर नसलेले एनआरसी १२७ हे वाणही विकसित केले आहे, पण बाजारातल्या ढिगात कोणता दाणा कोणत्या वाणाचा हे ओळखता येत नाही, आणि इतर बाधक घटक तरीही उरतातच. म्हणून कच्चे सोयाबीन कोंबड्यांना घालू नये.

दुकानात ‘लेयर कॉन्सन्ट्रेट’ नावाचेही पोते असते. ते संपूर्ण खाद्य नव्हे. त्यात ठरलेल्या प्रमाणात मका वगैरे मिसळायचा असतो आणि ते प्रमाण पोत्यावर लिहिलेले असते. शेकडो पक्षी ठेवणाऱ्यांना ते परवडते. सात पक्ष्यांसाठी घरी मिसळताना मीठ, खनिजे सारखी पसरत नाहीत, म्हणून आपण त्या वाटेला जाऊ नये.

रूपाबद्दल म्हणायचे तर मॅश, क्रम्बल (दाबलेल्या गोळ्यांचा चुरा) आणि पेलेट (दाबलेल्या गोळ्या) यांत घरच्या पक्ष्यांसाठी मी क्रम्बल पसंत करतो. मॅशमधला मक्याचा कण कोंबडी निवडून खाते आणि तळाशी जी भुकटी उरते तीत नेमकी जीवनसत्त्वे आणि खनिजे असतात. उरलेली भुकटी फेकणारा माणूस खाद्याचा सर्वांत महाग भाग फेकत असतो. क्रम्बलच्या प्रत्येक कणात सर्व घटक येतात आणि सांडलवंड कमी होते. मॅशच मिळाला तर तो थोडा ओलसर करून तासाभरात संपेल एवढाच घालावा. इंदूरच्या मे महिन्यात ओले खाद्य दुपारपर्यंत आंबते.

आता पोत्याच्या आकाराचा हिशेब, ज्यात बहुतेक घरे अडकतात. सात मोठे पक्षी सरासरी १०० ग्रॅम धरले तर दिवसाला ७०० ग्रॅम, महिन्याला २१ किलो. ५० किलोचे पोते ७० दिवस पुरेल, म्हणजे ते थंडीतल्या दोन महिन्यांनाही ओलांडते आणि पावसाळ्यात तर अर्ध्याहून अधिक काळ धोक्यात असते. २५ किलोचे पोते मिळत असेल तर किलोमागे थोडे जास्त पैसे देऊनही तेच घ्यावे, नाही तर एखाद्या शेजाऱ्याबरोबर पोते वाटून घ्यावे. पिल्लांना आठ आठवड्यांपर्यंत आता सर्व मिळून सहा-सात किलो चिक-खाद्य पुरे. तेवढ्यासाठी सुटे घेण्यास हरकत नाही, पण दुकानदाराने आपल्या समोर पोते उघडून दिले पाहिजे आणि चिठ्ठीचा फोटो आपण काढून घेतला पाहिजे. उघड्या पिंपातले सुटे खाद्य, ज्याची तारीखच कोणाला ठाऊक नाही, ते मात्र कितीही स्वस्त असले तरी नको.

पावसाळ्याबद्दल मी इतका आग्रह धरतो तो बुरशीमुळे. ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी दमट मक्यावर आणि पेंडीवर वाढते आणि अफ्लाटॉक्सिन बनवते. मानकात अफ्लाटॉक्सिन बी१ ची मर्यादा दर किलोला २० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे डोळ्यांना किंवा नाकाला कळणारच नाही इतकी सूक्ष्म. हे विष यकृतावर बसते, लसींचा परिणाम कमी करते, अंडी घटवते. आणि ते उन्हात वाळवून, धुऊन किंवा उकळून जात नाही. खाद्यात गठ्ठे झाले, कुबट वास आला, पोत्याच्या शिवणीजवळ हिरवट-काळसर छटा दिसली, तर वरचे काढून खालचे वापरू नये, सगळे टाकावे. जवळ बदके पाळणारे कोणी असतील तर त्यांनाही ते देऊ नये, कारण बदकांना हे विष कोंबड्यांपेक्षा लवकर बाधते. खाद्य झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, जमिनीपासून फळीवर आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवावे, डबा रिकामा झाल्यावर तळ खरवडून उन्हात वाळवावा आणि मगच नवे पोते ओतावे. जुन्या खाद्यावर नवे ओतणे ही सवय घरोघरी आहे आणि ती मोडायला हवी.

स्वस्त खाद्याचा मोह या बुरशीशीच जोडलेला आहे. अलीकडे मका इथेनॉलसाठी मोठ्या प्रमाणात जाऊ लागला, त्याचे भाव चढले, आणि इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा, ज्याला डीडीजीएस म्हणतात, तो खाद्यात येऊ लागला. चांगल्या प्रतीचा आणि मापात घातलेला चोथा वाईट नाही. पण स्टार्च निघून गेल्यामुळे मूळ धान्यातले बुरशीचे विष त्यात सुमारे तिपटीने दाट होते, म्हणून ज्या उत्पादकाकडे प्रत्येक खेप तपासण्याची सोय आहे त्याच्याकडूनच असे खाद्य घ्यावे. इथे मात्र कंपनीच्या आकाराला अर्थ येतो. गोदरेज ॲग्रोवेट, सुगुणा, जापफा, वेंकीज, राजनांदगावची आयबी यांच्यासारख्या मोठ्या उत्पादकांत मी कोणाला वरचढ ठरवणार नाही. त्यांपैकी ज्याचा माल आपल्या दुकानदाराकडे सर्वांत वेगाने खपतो, आणि म्हणून ज्याची तारीख सर्वांत ताजी असते, तो आपल्यासाठी चांगला.

बलकाच्या रंगावरून खाद्याची परीक्षा करू नये. गडद पिवळा बलक पिवळ्या मक्यातल्या, हिरव्या पाल्यातल्या किंवा खाद्यात घातलेल्या झेंडूच्या अर्कातल्या रंगद्रव्याने येतो. त्याने पोषण सिद्ध होत नाही. हिरवा पाला द्यावा तो कोंबड्यांना चाळा म्हणून आणि जीवनसत्त्वांसाठी. शेवगा, मेथी, बरसीम चांगले. ज्वारी-बाजरी-कणीचे दाणे दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्यापर्यंतच, तेही संध्याकाळी. पोहे उरले तर थोडे चालतील, शेव आणि नमकीन नको. खाद्यात मीठ अर्ध्या टक्क्याच्या आसपास मोजून घातलेले असते आणि वरून आलेल्या मिठाने विष्ठा पातळ होते, पिल्लांना तर मिठाची विषबाधाही होते.

खाद्य एका दिवसात बदलू नये. सात ते दहा दिवस जुन्यात नव्याचे प्रमाण वाढवत जावे. शिंपल्यांचे भांडे मात्र आजच ठेवावे. आठवडा-दीड आठवड्यात कवच सुधारलेले दिसले पाहिजे. तोवर कोंबड्यांना फार धावायला लावू नये आणि दांडी उंच असेल तर खाली आणावी, कारण हाडे सध्या कमकुवत असतील. तीन आठवड्यांनीही कवच पातळच राहिले तर कारण खाद्याबाहेरचे असू शकते: संसर्गजन्य ब्राँकायटिस झाल्यावर अंड्याचा पांढरा भाग पाण्यासारखा होतो आणि कवच सुरकुतते, तर जीवनसत्त्व डी३ कमी पडले तर कॅल्शियम असूनही शोषले जात नाही. अशा वेळी दोन-तीन अंडी आणि अर्धा किलो खाद्य घेऊन महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जावे. इंदूरहून ते जवळ आहे. त्यासाठी प्रत्येक पोते उघडताना अर्धा किलो नमुना कोरड्या बरणीत काढून त्यावर तारीख लिहावी, चिठ्ठी त्याच बरणीला बांधावी आणि पोते संपून आणखी पंधरा दिवस होईपर्यंत ती जपून ठेवावी.